भुकेचा हिवाळा आणि रक्तातील दप्तर

दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला आपली लेखणी कोठे थांबवावी, याची फारशी अडचण पडत नाही. पाऊस पडला, धान्याचे भाव उतरले, अन्नछत्रे बंद झाली, मेलेल्यांची मोजदाद कागदावर चढली, की प्रकरण संपले असे तो मानतो. सरकारी अहवाल तर याच्याही आधी संपतात. परंतु गेल्या पन्नास वर्षांत एका दुष्काळाने इतिहासकाराची ही सोय मोडून टाकली आहे. तो पुरते सात महिनेही टिकला नाही, त्यात मेलेल्या माणसांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती, आणि आमच्या देशाने पाहिलेल्या दुष्काळांच्या मानाने पाहता तो एका जिल्ह्याचा दुष्काळ ठरावा. असे असूनही आज ऐंशी वर्षांनंतर त्याची चौकशी चालू आहे, आणि ती कागदांतच नव्हे तर माणसांच्या रक्तात चालू आहे. हॉलंडमधील या प्रसंगाला तेथील लोक ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. त्याचीच हकीकत आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

१९४४ सालच्या सप्टेंबरात दोस्तांच्या फौजा बेल्जियम ओलांडून हॉलंडच्या दक्षिण सीमेवर येऊन ठेपल्या होत्या. ऱ्हाईन नदीवरचे पूल एका झडपेत घ्यावेत आणि जर्मनीत शिरावे, या बेताने १७ सप्टेंबरला आर्न्हेमच्या परिसरात हवाई छत्रीधारी सैन्य उतरविण्यात आले. त्याच दिवशी लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारने नभोवाणीवरून मायदेशातील रेल्वे-नोकरांना संपाचा आदेश दिला, म्हणजे जर्मनांची कुमक अडून राहील. सुमारे तीस हजार नोकरांनी तो आदेश पाळला. लढाई आठवड्याभरात आटोपेल असा सर्वांचा हिशेब होता. हिशेब चुकला. आर्न्हेमचा पूल हाती आला नाही, दक्षिण हॉलंड मोकळे झाले आणि ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग, लायडन ही पश्चिमेकडची दाट वस्तीची शहरे शत्रूच्याच ताब्यात राहिली. जर्मन राज्यपाल झाइस-इन्क्वार्ट याने संपाचा सूड म्हणून त्या भागात होणारी अन्नाची वाहतूकच बंद केली. नोव्हेंबरच्या आरंभी ही बंदी सैल करून कालव्यांतून धान्य नेण्यास परवानगी मिळाली खरी, पण तोवर साठे संपत आले होते, आणि पुढे थंडी अशी पडली की कालवेच गोठले. कोळशाच्या खाणी दक्षिणेत, म्हणजे आता आघाडीच्या पलीकडे. त्यामुळे गॅस गेला, वीज गेली, चूल गेली.

शिधापत्रिकेवर मिळणारे अन्न नोव्हेंबरच्या अखेरीस मोठ्या माणसाला दिवसाकाठी हजार उष्मांकांच्या खाली आले. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ते चारशे ते आठशे यांच्या दरम्यान राहिले. आठशे उष्मांक म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने दिवसाला चार-पाच भाकऱ्या, आणि चारशे म्हणजे त्याच्या निम्म्या; त्याही कालवणावाचून. पाव आणि बटाटे कमी पडू लागले तसे लोक गुरांना घालण्याचे शर्करा-बीट खाऊ लागले, आणि तेही संपले तेव्हा ट्यूलिपचे कंद. ज्या फुलांच्या वेडापायी सतराव्या शतकात या देशात लोकांनी वाडे गहाण टाकले असे सांगतात, त्यांचेच कंद आता सोलून शिजविण्यात येऊ लागले. शहरातील बायका टायर नसलेल्या सायकली ढकलीत दहा दहा कोस खेड्यांकडे जात आणि घरातील चादरी, घड्याळे देऊन बटाट्यांची पोती आणीत. ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवरील झाडे तोडली गेली, ट्रामच्या रुळांमध्ये बसविलेले लाकडी ठोकळे उखडले गेले, आणि ज्यूंची जी घरे ओस पडली होती त्यांच्या तुळया आणि जिने काढून जाळण्यात आले. त्या घरांचे मालक आधीच छळछावण्यांकडे रवाना झाले होते. भुकेच्या हिवाळ्याची गोष्ट सांगताना हे वाक्य गाळण्याची अनेकांना सवय आहे, म्हणून आम्ही ते मुद्दाम येथे घातले आहे.

एप्रिलच्या अखेरीस ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी बाँबऐवजी अन्नाची पोती टाकली, ५ मे १९४५ रोजी देश मुक्त झाला, आणि काही आठवड्यांतच शिधा दोन हजार उष्मांकांच्या वर गेला. या शेवटच्या गोष्टीकडे श्रोत्यांनी नीट लक्ष द्यावे. दुष्काळ आला तो एकाएकी, आणि गेला तोही एकाएकी. त्याच्या आधी बरे खाणे, नंतरही बरे खाणे, आणि मध्ये भिंतीसारखा उभा असा उपासाचा काळ. कोणत्याही शास्त्रज्ञाने असा प्रयोग मनात आणला असता तर त्याला तुरुंगात टाकावे लागले असते. एका परकीय सत्तेच्या दुष्टपणाने तो आयताच घडून आला.

परंतु एवढ्याने ज्ञान होत नाही. ज्ञानाला दप्तर लागते. हॉलंड हा नोंदी ठेवणाऱ्या लोकांचा देश. त्या उपाशी महिन्यांतही सुईणी आणि इस्पितळे बाळाचे वजन, आईचे वजन, वारेचे वजन टिपून ठेवीत होती. प्रत्येक आठवड्याला प्रत्येक शहरात किती शिधा वाटला याचा तपशील होता. माणूस कोठे जन्मला, कोठे राहावयास गेला, केव्हा मेला, हे नगरपालिकेच्या नोंदवहीत सापडत होते, आणि मुलगा अठरा वर्षांचा झाला की सैन्यभरतीसाठी त्याची उंची, वजन, प्रकृती आणि बुद्धी यांची परीक्षा होत होती. या चार दप्तरांना एकत्र बांधले की एका पिढीचे चरित्र तयार होते.

ते बांधण्याचे काम प्रथम अमेरिकन बालरोगतज्ज्ञ क्लेमंट स्मिथ यांनी आरंभिले. १९४५ मध्येच ते हॉलंडात गेले आणि १९४७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरोदरपणाचे शेवटचे महिने ज्यांच्या आयांनी उपाशी काढले, ती बाळे हलकी निपजली होती. पुढच्या गणतीप्रमाणे ही घट सरासरीने दोनशे ते तीनशे ग्रॅमची होती. दुष्काळ ऐन भरात असताना ज्यांचा गर्भ राहिला त्यांची संख्या मात्र फार खाली गेली. नऊ महिन्यांनी जन्मलेल्या मुलांची संख्या नेहमीच्या जवळजवळ अर्ध्यावर आली होती. ही अर्धी संख्या आम्ही पुढे पुन्हा मांडणार आहोत.

नंतर हे काम झीना स्टाइन आणि मर्व्हिन सस्सर या दांपत्याच्या हाती आले. ही दोघे मूळची दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर. जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा या काळ्या लोकांच्या वस्तीत त्यांनी दवाखाना चालविला होता, आणि १९५० नंतरच्या दशकात वर्णद्वेष्ट्या राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. गरिबांची मुले शाळेत मागे पडतात ती पोटात असतानाच उपाशी राहिल्याने त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते म्हणून काय, असा तो प्रश्न. त्या काळी या समजुतीला मोठमोठ्यांचा पाठिंबा होता, आणि तिच्या आडून आणखी एक सोईची गोष्ट सिद्ध होत असे: शाळा सुधारून उपयोग नाही, कारण नुकसान आधीच झाले आहे. स्टाइन आणि सस्सर यांनी सुमारे सव्वा लाख तरुणांच्या भरतीच्या नोंदी तपासल्या आणि १९७२ साली जाहीर केले की गर्भात उपाशी राहिलेल्या आणि न राहिलेल्या मुलांच्या बुद्धिपरीक्षेत काही फरक दिसत नाही. १९७५ मध्ये या सर्व संशोधनाचे पुस्तक झाले. पण त्याच भरतीच्या दप्तरातून त्यांना दुसरीच एक गोष्ट सापडली. १९७६ साली रावेल्ली यांच्यासह त्यांनी तीन लाख तरुणांची तपासणी छापली, तिच्यात असे दिसले की गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या भागात ज्यांच्या आयांना उपास घडला ती मुले एकोणिसाव्या वर्षी अधिक प्रमाणात लठ्ठ झाली होती. आणि शेवटच्या महिन्यांत घडला ती उलट सडपातळ राहिली होती.

उपाशी आईचे मूल लठ्ठ! पहिल्या ऐकण्यात ही गोष्ट एखाद्या कोड्यासारखी वाटते. त्यातही चमत्कार असा की, ज्यांना फक्त पहिल्या तीन महिन्यांत झळ लागली, त्यांच्या आया मे महिन्यानंतर पोटभर जेवल्या आणि ही मुले जन्मली ती चांगली गुटगुटीत. सुईणीच्या ताजव्यात त्यांच्यात काहीही उणे नव्हते. आईने, आजीने, डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पुढे ॲमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना गास्टहाउस या इस्पितळात १९४३ च्या नोव्हेंबरापासून १९४७ च्या फेब्रुवारीपर्यंत जन्मलेल्या २४१४ मुलांच्या जन्मनोंदी हाती घेऊन, पन्नाशीला पोचलेल्या त्या माणसांना शोधून काढण्यात आले. टेसा रोझबूम यांच्या २००० सालच्या निबंधात असे आढळले की गर्भाच्या आरंभी भूक लागलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ८.८ टक्के होते आणि इतरांत ३.२ टक्के. ही टक्केवारी थोड्याच माणसांवर उभी आहे, हे सांगितले पाहिजे. १९९८ मध्येच असेही दिसले होते की गर्भात भूक सोसलेल्यांच्या रक्तातील साखर उतारवयात लवकर आवरत नाही.

सुमारे याच काळात इंग्लंडात डेव्हिड बार्कर हे दुसऱ्या वाटेने याच मुक्कामाला येत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वह्यांत लिहीत असत. त्या वह्या बार्कर यांच्या हाती लागल्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी दाखविले की बाळपणी हलकी असलेली माणसे पुढे हृदयविकाराने अधिक मेली. बार्कर यांचा आमच्या पुण्याशीही संबंध आला. त्याकडे शेवटी येऊ. इतकेच नोंदवून ठेवतो की, या सर्व विद्येची उभारणी कोणा महापंडिताच्या प्रतिभेवर झालेली नसून, पावसात सायकलवरून हिंडणाऱ्या आणि ताजवा बरोबर घेऊन जाणाऱ्या स्त्रियांच्या नेटक्या अक्षरावर झालेली आहे. इतिहासात त्यांची नावे येत नाहीत. बर्नसाइडबाईंचे आले हा अपवाद.

आता मुख्य प्रश्न. आरंभीच्या तीन महिन्यांत गर्भ अंगठ्याएवढा असतो. त्या वेळची भूक पन्नास वर्षे शरीराच्या लक्षात राहते ती कोठे? डीएनएची अक्षरे उपासाने बदलत नाहीत. आईबापांकडून आलेली पोथी तशीच राहते. उत्तराची दिशा कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली एका नव्या शब्दाने दाखविली होती. त्या शब्दाला आपण मराठीत ‘अधिजनुकीय’ म्हणतो, म्हणजे जनुकांच्या वरचे. त्यामागील रसायन १९७५ मध्ये हॉलिडे आणि पू यांनी, आणि स्वतंत्रपणे रिग्ज यांनी सुचविले. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला मिथिल नावाचा एक चिमुकला गट चिकटू शकतो. आपल्या लिपीचे उदाहरण घेतल्यास हे चटकन ध्यानात येईल. ‘क’ या अक्षराचा पाय मोडला की अक्षर तेच राहते, पण त्यातला स्वर गप्प होतो. मिथिल गट म्हणजे असा पायमोडका होय. जनुक जागेवर असते, परंतु त्याचे वाचन मंदावते किंवा थांबते. यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी या दोघींजवळ एकच पोथी असून त्या दोन वेगळी कामे करतात, याचे कारण बऱ्याच अंशी या पायमोडक्यांच्या निराळ्या मांडणीत आहे. ही मांडणी मुख्यतः गर्भाच्या पहिल्या दिवसांत आणि आठवड्यांत बसते, आणि मग पेशी दुभागताना तिची नक्कल पुढे जाते. मिथिल गट जुळविण्यास लागणारा माल मात्र आहारातून येतो. फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे त्या कारखान्यातील मुख्य कामगार.

२००८ साली लायडनचे बास हाइमान्स, एल्मार टोबी आणि न्यूयॉर्कचे ल्यूमे या मंडळींनी भुकेच्या हिवाळ्यात गर्भ राहिलेली साठ माणसे घेतली. त्यांची तुलना परक्यांशी न करता त्यांच्याच सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी केली. एकाच घरातली, एकाच आईची, पण दुष्काळाच्या आधी किंवा नंतर पोटात असलेली. वाढीशी संबंध असलेल्या ‘आयजीएफ-२’ या जनुकाजवळचे मिथिल गट मोजले. भावंडांत ते ५१.५ टक्के होते. दुष्काळी गर्भांत ४८.८. ज्यांना फक्त शेवटच्या महिन्यांत झळ लागली होती, अशा बासष्ट माणसांत आणि त्यांच्या भावंडांत फरक आढळला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याची सही, साठीतल्या माणसांच्या रक्तात, आणि तीही सुईणीच्या ताजव्याला जे दिसले नव्हते नेमके त्यांच्यात! वृत्तपत्रांनी ही बातमी डोक्यावर घेतली यात नवल नाही.

आम्हांस मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. दोन-तीन टक्क्यांचा फरक हा पुष्कळांच्या सरासरीत दिसतो. एकट्या माणसाच्या रक्तावरून त्याची आई उपाशी होती की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. दुसरे असे की खूण म्हणजे कारण नव्हे. चोर गेल्यानंतर चिखलात पावले उमटलेली दिसतात, पण पावलांनी चोरी केलेली नसते. आणि तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. त्या हिवाळ्यात गर्भ राहण्याचे प्रमाण अर्ध्यावर आले होते, हे आपण मघाशी पाहिले. जे गर्भ टिकले ते कोणते? भुकेने काही गर्भांवर खूण उमटविली, की ज्या गर्भांवर दैवयोगाने तशी खूण होती तेवढेच चाळणीतून वाचले? टोबी, हाइमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २०१८ मध्ये ही चाळणीची उपपत्ती मांडली आणि गणिताने दाखविले की नुसत्या निवडीनेही असाच ठसा दिसू शकेल. ज्यांच्या नावावर शोध आहे त्यांनीच त्यावर असा आक्षेप घ्यावा, हे आम्हांस त्या शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. पण अर्थ केवढा बदलतो पाहा! पहिल्या उपपत्तीत वाचलेली माणसे जखमी आहेत. दुसरीत ती बचावलेली आहेत, आणि जी दिसत नाहीत, जन्मलीच नाहीत, त्यांची गैरहजेरी या रक्तात लिहिलेली आहे.

वार्धक्याचा धागा येथे जुळतो. वय वाढते तसे काही ठिकाणचे मिथिल गट गळतात, काही ठिकाणी नवे बसतात. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसचे स्टीव्ह होर्वाथ यांनी सुमारे आठ हजार नमुने तपासून अशी ३५३ ठिकाणे निवडली की त्यांवरून कोणत्याही ऊतकाचे वय साधारण साडेतीन-चार वर्षांच्या फरकाने सांगता यावे. याला घड्याळ हे नाव पडले. नंतर न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मभर पाठपुरावा करून जमविलेल्या माहितीवरून दुसऱ्या प्रकारचे घड्याळ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वय सांगत नाही, म्हातारपणाकडे जाण्याचा वेग सांगते. डॅनियल बेल्स्की, ल्यूमे आणि त्यांचे सहकारी यांनी हे घड्याळ डच मंडळींच्या जपून ठेवलेल्या रक्ताला लावले. साडेनऊशेच्या आसपास माणसे होती, आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आला तो असा की गर्भात भूक सोसलेल्यांचा वेग इतरांपेक्षा अधिक आहे, आणि स्त्रियांत हा फरक विशेष आहे. पुरुषांत तो फारसा का दिसत नाही, याचे उत्तर देताना पुन्हा चाळणीची शंका आडवी येते.

आता ही घड्याळे बाजारातही आली आहेत. थुंकीची नळी टपालाने पाठवावी आणि आपले ‘खरे वय’ घरी मागवावे, असा व्यवहार परदेशात सर्रास चालतो. पत्रिका पाहून आयुर्मान सांगणाऱ्याला आपण हसतो, आणि त्याच उत्सुकतेने प्रयोगशाळेचा कागद उघडतो. समूहाचे सत्य व्यक्तीच्या कपाळावर चिकटविण्याची ही हौस आम्हांस धोक्याची वाटते. त्याहून मोठा धोका म्हणजे या विद्येचा सगळा रोख आईकडे वळणे. ‘तू काय खाल्लेस म्हणून मुलाला मधुमेह झाला?’ असे विचारणे सोपे असते. हॉलंडच्या आयांनी काय खाल्ले हे झाइस-इन्क्वार्टने ठरविले होते. न्यूरेंबर्गला त्याला फाशी झाली ती इतर अनेक गुन्ह्यांसाठी. गर्भातील मुले त्या खटल्यात साक्षीदार नव्हती.

सर्वच दुष्काळांनी अशीच साक्ष दिली काय? नाही. लेनिनग्राडचा वेढा हॉलंडच्या हिवाळ्यापेक्षा कितीतरी भयंकर होता, पण १९९७ साली तेथे गर्भात असलेल्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या रक्तातील साखरेत दोष आढळला नाही. असे म्हणतात की लेनिनग्राडच्या मुलांना वेढ्यानंतरही खाणे बेताचेच मिळाले, तर डच मुलांवर एकाएकी सुबत्ता आली. टंचाईच्या तयारीने घडलेल्या शरीराला सुबत्ताच बाधली. चीनमधील १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात, ज्यात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, गर्भात असलेल्यांत स्किझोफ्रेनिया हा मनोविकार सुमारे दुपटीने आढळला. आन्हवेई प्रांतातील वूहू भागाच्या नोंदींवरून हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. हॉलंडातही तसाच पडताळा आधी मिळाला होता. आणि २०२४ मध्ये युक्रेनच्या १९३२-३३ च्या दुष्काळासंबंधीचा मोठा अभ्यास बाहेर आला. एक कोटीहून अधिक जन्मांच्या या गणतीत, अत्यंत पीडित भागांत ज्यांच्या गर्भाचा आरंभ दुष्काळाच्या ऐन भरात झाला होता, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. जे दप्तर दडपण्यासाठी स्टालिनच्या राजवटीने जंग जंग पछाडले, त्याची एक प्रत अशी मधुमेह्यांच्या यादीत शिल्लक राहिली होती.

आता आपल्याकडे वळू. हॉलंडच्या हिवाळ्याच्या एकच वर्ष आधी, १९४३ मध्ये, बंगालात वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी मेली. दोन्ही दुष्काळ एकाच महायुद्धातले, दोन्ही माणसाने ओढवलेले, आणि दोन्हींच्या मुळाशी परक्यांची सत्ता. वीस हजार मृत्यूंच्या दुष्काळावर आज शेकड्यांनी निबंध आहेत. मिदनापूरच्या खेड्यात १९४३ च्या कार्तिकात गर्भ राहिलेल्या बाईचे मूल किती वजनाचे जन्मले, हे कोणी लिहिले? दख्खनच्या १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा पुरे, असे ठरविले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याविरुद्ध वाद घातला, आणि इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठविला. रतलाचा आणि आण्याचा हिशेब दप्तरात आहे. खडी फोडणाऱ्या गरोदर बाईच्या पोटातल्या जीवाचा रकाना त्या दप्तरात नाही. आम्ही दुष्काळांत उणे नव्हतो. रकान्यांत उणे होतो.

आणि म्हणूनच पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाची योग्यता आम्हांस मोठी वाटते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची नोंद गर्भ राहण्याच्या आधीपासून ठेवावयास आरंभ केला. इंग्लंडातील बार्कर यांचा गट, विशेषतः कॅरोलिन फॉल, या कामात सहभागी होता. आठशेच्या आसपास गरोदरपणांचे मोजमाप झाले. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. हातपाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. किडकिडीत दिसणाऱ्या बाळाच्या अंगात लठ्ठपणाचे बीज! आपल्याकडे चाळिशीच्या आत आणि अंगाने बेताच्या माणसांना मधुमेह का गाठतो, या जुन्या कोड्याची एक किल्ली येथे सापडली.

हा दुष्काळ नव्हता. पाऊस होत होता, भाकरी होती, शेतावरचे काम होते. उणीव होती ती निराळीच. दोन तृतीयांशांच्या आसपास स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. दूध आणि मांस ज्या ताटात जेमतेम येते त्या ताटाचा हा परिणाम. २००८ मध्ये असे प्रसिद्ध झाले की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा अंमल नीट बसत नाही. मिथिल गटाच्या कारखान्यातले तेच हे दोन कामगार. एक हजर आणि दुसरा गैरहजर.

त्या खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली मुले २०१२ च्या सुमारास वयात आली. तेव्हा त्यांच्यातील मुलामुलींचे गट पाडून काहींना बी-१२ च्या, काहींना इतर जीवनसत्त्वांसह बी-१२ च्या आणि काहींना नुसत्या दिसावयास सारख्या गोळ्या देण्यात आल्या, आणि मुलींची लग्ने होऊन पहिले बाळंतपण होईपर्यंत त्या चालू ठेवल्या. पुढे त्यांना मुले झाली, तेव्हा नाळेतील रक्त घेऊन ठेवण्यात आले. ज्या नोंदवहीत आजीचे वजन गर्भ राहण्याच्या आधी लिहिले गेले, तिच्याच पुढच्या पानावर आता नातवंडांचे वजन लिहिले जात आहे.